टेनिस विभाग, सभासद एक

२ ऑक्टोबर १९६०, रविवार
आज छंद मंडळाचा सभासद झालो. वाचनालयाच्या मागच्या खोलीत दर रविवारी दहाला बैठक. सभासद नऊ. पैकी विचार करणारा एक, तो आजच दाखल झाला. अध्यक्ष वकीलसाहेब पोस्टाची तिकिटे जमवतात. पूनमसिंग मास्तर काड्यापेट्यांवरची चित्रे जमवतात. वय पंचेचाळीस, चित्रे तीनशे बारा, आणि हे ते हसतमुखाने सांगतात.
तुम्ही काय जमवणार, असे मला विचारले. मी म्हणालो, टेनिस. असा विषय जिल्ह्यात कोणाला सुचलेला नाही.
मास्तरांनी नंतर हळूच विचारले, दादाची आठवण म्हणून काय? मी सांगितले, काही संबंध नाही. दादाला जाऊन चार महिने झाले. तो सिव्हिल लाईन्समधल्या क्लबात मार्कर होता, म्हणजे पगार घेऊन साहेब लोकांना टेनिस खेळवायचा. मी जिल्हा न्यायालयात नक्कल विभागात आहे. आमची क्षेत्रे वेगळी.
संकल्प: २६ जानेवारीच्या प्रदर्शनात पहिले बक्षीस.

५ ऑक्टोबर
ऑफिस सुटल्यावर गुलाबसिंगकडे. हा क्लबात टेनिसच्या मैदानावर रोलर फिरवतो. दोन बॉल मिळाले. लोकर गेलेली, गोलाई शंकास्पद. जुने नेट मागितले. म्हणाला, त्याची तं पावसाळ्यात डवऱ्याच्या बैलाईले मुसकी केली, साहेब. मी इतिहासाच्या जतनाबद्दल चार शब्द बोललो. तो म्हणाला, इतिहास राह्यला असता अन् बैलानं कापसाची पऱ्हाटी खाल्ली असती.
या देशाचे असेच व्हायचे.
एक मुसके, म्हणजे बैलाच्या तोंडाला बांधायची जाळी, घेऊन आलो. लाळेचा वास आहे. नोंदवहीत लिहिले: 'नेट (अंशतः)'.
निघताना गुलाबसिंग म्हणाला, तुमी धर्मपालदादाचे भाऊ ना, तुमाले कधी इकडे पाह्यलं नाई. मी म्हणालो, कामाचा व्याप.

९ ऑक्टोबर, रविवार
बैठकीत मुसके मांडले. वकीलसाहेबांनी नाकाला रुमाल लावला. एकाने विचारले, डाव्या बैलाचं की उजव्या? सगळे हसले. तिकिटे चाटून चिकटवणारी माणसे, त्यांच्याकडून काय अपेक्षा.
मास्तर हसले नाहीत. ते मूर्ख आहेत, पण सभ्य.

१६ ऑक्टोबर, रविवार
पाटीपुऱ्यात प्रभावतीवहिनीकडे गेलो. दादाची रॅकेट खुंटीला आहे. जुन्या लुगड्याची खोळ शिवून घातली आहे. अठ्ठावीस वर्षे वापरलेली वस्तू. विभागाला ती हवीच. स्पष्ट शब्दांत मागणी केली.
वहिनी भाकरी थापत होती. म्हणाली, भाऊजी, इतक्या वर्सात एक दिवस त्यायचा खेळ पाहाले आले नाई, आता बॅट कायले पाह्यजे? मी म्हणालो, संग्रहासाठी. ती म्हणाली, जमा कराले मानूस जाऊ द्या लागते काय?
शिक्षण नसले की विषय असा भरकटतो. मग गाडी माझ्या मॅट्रिकच्या फीवर आली. ती म्हणे दादाच्या बक्षिसीतून गेली. मला स्कॉलरशिप होती. अर्धी.
जेवूनच आलो. रॅकेट मिळाली नाही. पण बोलणी सुरू झाली, हे महत्त्वाचे.

१३ नोव्हेंबर, रविवार
दुसऱ्या रॅकेटची सोय केली. घाटंजीच्या बाजारात एका भंगारवाल्याकडे आहे असे कळले होते. काल रजा टाकून मोटारीने गेलो. घासाघीस न करता घेतली. जाणकार घासाघीस करत नाही. येताना ती मांडीवर आडवी धरून बसलो. शेजारच्या बाईने विचारले, माश्या मारासाठी चांगली आहे काय? मी रॅकेट खिडकीकडे वळवली.
आज बैठकीत दाखवली. मास्तर बराच वेळ फिरवून पाहत होते. मग मला बाजूला घेऊन म्हणाले, भीमराजजी, ही बॅडमिंटनची आहे. मी सांगितले की पूर्वी टेनिसच्या रॅकेटा अशाच बारीक असत. ते म्हणाले, असतील.
काड्यापेटीवर हत्ती बघणाऱ्याने हे बोलावे.

२७ नोव्हेंबर, रविवार
वहिनीला रीतसर अर्ज पाठवला होता. विषय, संदर्भ, मुद्दे एक ते पाच, नम्र विनंती. आज शेजारणीकडून परत आला. निरोप: वाचला, पन वर तारीख टाकली नाई.
विहारातल्या संध्याकाळच्या वर्गात ही आता वाचायला शिकली आहे. तारीख राहिली होती हे खरे. अकरा वर्षांच्या नोकरीत प्रथमच. सध्या झोप नीट लागत नाही. हवामान.

१८ डिसेंबर, रविवार
रॅकेट मिळणार. पूनमसिंग मास्तर परस्पर वहिनीकडे गेले आणि दहा मिनिटांत तिला राजी करून आले. हे दर शनिवारी क्लबाच्या कुंपणाबाहेर उभे राहून दादाचा खेळ पाहायचे म्हणे. नोकरी सांभाळून वेळ कसा मिळतो या लोकांना. वहिनीला त्यांनी सांगितले की शेकडो माणसे त्याचे नाव वाचतील.
माझ्या अर्जाचा परिणाम जरा उशिरा झाला, एवढेच.
वहिनीची अट: नाव ठळक लिहा, मी पाहाले येईन. मान्य केली. यात अवघड काय आहे?

२२ जानेवारी १९६१, रविवार
उद्घाटनाला डिस्ट्रिक्ट जज्ज साहेब येणार. सोबत आमचे हेडक्लार्कही. हे आधी सांगायला हवे होते.
लेबले लिहायला बसलो. रॅकेटचे लेबल चार वेळा लिहिले. आईची तीन मुले गेली होती, म्हणून चौथ्याला, म्हणजे दादाला, उकिरड्यावर ठेवून उचलले आणि नाव ठेवले उकंडा. मरणाने ढुंकून पाहू नये म्हणून. छप्पन साली नागपूरला जाऊन आला तो धर्मपाल होऊन. आमची गल्लीच्या गल्ली गेली होती. माझा रजेचा अर्ज राहून गेला. मनाने मी तिथेच होतो.
तर लेबलावर कोणते नाव? विचारांती 'मार्कर उकंडा' लिहिले. क्लबातले साहेब लोक जुन्याच नावाने हाक मारत असणार. शिवाय आडनाव गाळले. त्यामुळे जागा वाचते. ऑफिसात माझ्या घरच्यांची चर्चा होणे बरे नाही. पण ते कारण नाही. कारण ऐतिहासिक अचूकता.

२६ जानेवारी, सायंकाळी ६
थोडक्यात लिहितो.
जज्ज साहेब तिकिटांपुढे एक मिनिट, काड्यापेट्यांपुढे दोन मिनिटे थांबले. माझ्या टेबलापाशी मात्र बराच वेळ. रॅकेट हातात घेतली. लेबल वाचले आणि कपाळाला आठी घातली. म्हणाले, हे नाव कोणी लिहिलं? उकंडा म्हटलं की तो ओ देत नसे. मला दोनदा सुधारलं त्याने, साहेब, नाव धर्मपाल आहे म्हणून. तिसऱ्यांदा मी विसरलो नाही. मग स्वतःच्या पेनने लेबल दुरुस्त केले. हेडक्लार्कना म्हणाले, या गावात मला कधीही मुद्दाम जिंकू न देणारा हा एकच माणूस.
आणि मला विचारले, तुमच्या ओळखीचे होते का?
हेडक्लार्क माझ्याकडे पाहत होते. वहिनी दारापाशी पांढऱ्या लुगड्यात उभी होती. मी म्हणालो, ऐकून होतो, सर.
साहेब पुढे गेले. वहिनी टेबलाशी आली. दुरुस्त केलेले लेबल बोट लावून एकेक अक्षर वाचले. मग हलक्या आवाजात म्हणाली, तुमच्या वळखीचे नोयते, तं तुमच्या टेबलावर कायले? रॅकेट आणि लेबल उचलले आणि मास्तरांच्या टेबलावर नेऊन ठेवले. मास्तरांनी काड्यापेट्या सरकवून जागा केली. गर्दी तिकडे झाली.
निकाल: पहिले बक्षीस पूनमसिंग मास्तर. मला उत्तेजनार्थ. परीक्षकांना मुसके कळले नाही.
मास्तर कप घ्यायला तयार नव्हते. नाटकी माणूस.

२९ जानेवारी, रविवार
बैठकीला गेलो नाही. विभाग तूर्त बंद. टेनिस हा मुळात पोकळ खेळ आहे.
दुपारी वहिनीकडे गेलो. सांगायचे मुद्दे चिठ्ठीवर लिहून नेले होते: एक, हेडक्लार्क उपस्थित होते, दोन, प्रश्न अचानक आला, तीन काय होते ते आता आठवत नाही. खुंटीवर रॅकेट परत लागली आहे.
चिठ्ठी काढायची वेळच आली नाही. एरवी मी चुलीपाशी पाटावर बसतो. आज वहिनीने बाहेरच्या खोलीत खुर्ची पुसून दिली. चहा कपबशीतून आणला. ती कपबशी पाहुण्यांसाठी असते, मी आजवर तिच्यातून प्यायलो नव्हतो. स्वतः दारापाशी उभी राहिली, डोक्यावर पदर घेऊन. मी हवापाण्याचे बोललो. ती म्हणाली, घ्या ना साहेब, चहा गार होते.
भाऊजी म्हणाली नाही. साहेब म्हणाली.
अकरा वर्षे नोकरी करतो आहे. त्या घरात माझ्या हुद्द्याची जाणीव झाली, चांगले झाले. चहा संपवून निघालो. मी गल्लीच्या टोकाशी जाईपर्यंत दार उघडे असेल असे वाटले होते.