न येणारे चार पाहुणे

आई, जितके पाहुणे कधीच येत नाहीत, तितके ते सरासरीने कसे येतात, हा प्रश्न मी दरवर्षी माझ्या बारावीच्या वर्गाला विचारते. असले कोडे प्रत्येकाने पाहिलेले असते: फाशाची सरासरी साडेतीन, पण साडेतीन ठिपके फाशावर कुठेच नाहीत. मग मी मुलांना कॅम्प तीन या वस्तीतल्या आपल्या जुन्या स्वयंपाकघरात नेते.

ताईच्या लग्नाची बोलणी करायला बदलापूरकडची मंडळी जेवायला येणार आहेत. रिक्षाने आली तर दोघे, जीप मिळाली तर सहाजण. दोन्ही शक्यता सारख्याच. मी तेव्हा विद्यार्थिनी, अपेक्षित मूल्य नुकतेच शिकले आहे. दोनाचे निम्मे एक, सहाचे निम्मे तीन, बेरीज चार. चौघांचा स्वयंपाक कर, असे मी ऐटीत सांगते. तांदळाची उकड मळता मळता तू विचारतेस, "चौघं कशी येतील गं? जीपमधल्या दोघांना अंबरनाथला उतरवून?"

तू सहाजणांचे रांधलेस आणि आले दोघेच. भाकऱ्या उरल्या, वालाचे बिरडे उरले. ते घेऊन मी गेले तेव्हा शेजारच्या सिंधी मावशींनी आज कोणता सण म्हणून विचारले. परत येऊन मी तुला सुनावले, की तुझ्या सहापेक्षा माझे चार बरे ठरले असते. तू हात धूत होतीस. "उरलं तर शेजार जेवतो," म्हणालीस. "कमी पडलं असतं, तर तुझ्या ताईला त्या घरात जन्मभर ऐकावं लागलं असतं."

त्या वाक्याचे गणित मी आज फार आनंदाने फळ्यावर मांडते. पाहुण्यांचे अपेक्षित मूल्य चारच होते. बेरीज अचूक होती, प्रश्न अपुरा होता. शक्यतेने गुणायचे होते ते नुकसानाला. चार ताटे उरण्याचे नुकसान किरकोळ, दोन ताटे कमी पडण्याचे जन्मभराचे; दोन्ही समान शक्यतेने तोलली की पारडे सहाकडेच झुकते. आले दोघेच, म्हणून तुझा निर्णय चुकला असे होत नाही. ताई त्याच घरी मानाने नांदते आहे.

शेवटी मी मुलांना नाणे काढायला लावते. छापा पडला तर दोन लिहा, काटा पडला तर सहा. तीसएक वेळा उडवून सरासरी काढा. ती चारच्या आसपास येईल, पण लिहिलेल्यांत चार एकदाही सापडणार नाही. मग स्वतःला विचारा, आज तुमच्या घरी कितीजणांचे रांधाल? हे पत्र टाकायला आता तुझा पत्ता उरलेला नाही, म्हणून एवढे कबूल करते: वर्गात मी तुला "एक बाई" म्हणते. "माझी आई" म्हटले, की पुढची ओळ फळ्यावर सरळ येत नाही.