ताईचा वारा सरेपर्यंत

मंगळवार, ११ मार्च

ताईच्या आतड्याला पीळ पडला होता. काळं पडलं होतं तेवढं कापलं आणि उरलेली दोन टोकं शिवली. सर्जननी हे सगळं ऑपरेशन थिएटरच्या दाराशी उभ्या उभ्या सांगितलं. भाऊजी भिंतीला टेकून खालीच बसले. मी विचारलं, "पोट कामाला लागलं हे कशावरून ओळखायचं?"

"वारा सरू द्या. तोवर पाण्याचा थेंबही नाही."

म्हणजे माझ्या बहिणीचा जीव एका पादण्यावर अडकलाय! हे वाक्य मी इथे सोडून कुठेही लिहू शकत नाही.

भाऊजी दवाखान्यात राहतील, मी मुलांपाशी. कामावर फोन केला. सुपरवायझर म्हणाला, "मग तुझ्या टेबलावरच्या सिलिंडरच्या झडपा कोण तपासणार?" मी फोन ठेवला. असं मी कधी केलेलं नाही.

बुधवार, १२ मार्च

भाऊजींचा फोन स्पीकरवर होता. "अजून वारा सरला नाही," ते म्हणाले आणि पंडितने कान टवकारले. पंडित म्हणजे थोरला. सात वर्षांचा आहे आणि प्रश्न विचारून जीव खातो, म्हणून हे नाव.

"वारा सरणं म्हणजे काय गं, मावशी?"

"पादणं."

संपलं. दोघंही जमिनीवर लोळायला लागली. "आई पादायला दवाखान्यात गेली!" धाकटी भिंगरी तर उचकी लागेपर्यंत हसली. मी स्वयंपाकघरात जाऊन नळ सोडला आणि ओट्याला धरून उभी राहिले.

मग परत आले आणि समजावलं. मला गोष्टी सांगता येत नाहीत, यंत्र समजावता येतं. सांगितलं की जेवताना, बडबडताना आपण हवा गिळतो. शिवाय पोटात डोळ्यांना न दिसणारे जीव राहतात. आपल्याला जे पचत नाही ते हे जीव खातात आणि त्यातून वायू सुटतो. आतडं म्हणजे एक लांबलचक मऊ नळी. ती गांडुळासारखी आवळत, सैल होत सगळं पुढे ढकलते. वायूला शेवटी बाहेर पडावंच लागतं. राजा असो नाहीतर टीचर.

"टीचर पण?" भिंगरीचे डोळे मोठे झाले.

"टीचर पण."

"आणि घाण वास का येतो?"

"त्यातल्या थोड्याशाच वायूला वास असतो. बाकीच्याला नसतो." वर हेही सांगितलं, की आमच्या सिलिंडरमधल्या गॅसला स्वतःचा वास नसतो, आम्ही तो मुद्दाम मिसळतो. गळती झाली तर कळावी म्हणून. पंडितला हे फार आवडलं.

"मग आईची नळी ढकलत का नाही?"

"ऑपरेशनमध्ये हात लागला की आतडं गप्प होतं. काही वेळ हलतच नाही."

"तुझ्यासारखं," भिंगरी म्हणाली. "तू पण घाबरलीस की गप्प बसतेस."

मी पुढचा क्रम सांगितला. आई पादली की पाणी मिळणार, मग पेज, मग घर. क्रम बरोबर होता. पण तो मुलांना सांगायला नको होता असं आता वाटतंय.

गुरुवार, १३ मार्च

नाही.

पोट फुगलंय म्हणे. ताई फोनवर आली की दोघंही एकदम ओरडतात, "आई, पादलीस का?" ती म्हणते, "नाही रे राजा." तिचा आवाज कोरडा, जीभ टाळ्याला चिकटल्यासारखा. आज हे ऐकून पंडित रडायला लागला. फोन चालूच होता. तिला सगळं ऐकू गेलं.

शुक्रवार, १४ मार्च

सरला! सरला! सरला!

पंडितने आज नेहमीचं विचारलं आणि तो पुन्हा रडायला लागला. तेवढ्यात ताई म्हणाली, "थांब, ऐक—" आणि फोनमधून चांगला लांबलचक, फडफडता आवाज! भाऊजी तिकडे ओरडले, "सिस्टर! अहो सिस्टर!" पंडित पलंगावर चढून नाचला. मीही हसले. खोटं कशाला लिहू, त्याच्याबरोबर पलंगावर चढले.

पाणी सुरू झालं. घोट घोट, पण सुरू झालं.

भिंगरी तेवढी नाचली नाही. बहुतेक झोप आली असावी.

शनिवार, १५ मार्च

आजचं क्रमाने लिहिते. क्रमाने लिहिलं की बरं वाटतं.

सकाळी भाऊजींचा फोन. "उलटी झाली. हिरवी. पण वारा सरलाय ना, आता काळजी नाही म्हणतात सगळे."

मला कारखाना आठवला. आमच्याकडे दाब मोजायच्या घड्याळाचा काटा कधी कधी चांगल्या आकड्यावर अडकून बसतो. आत काहीही होवो, काटा म्हणतो, ठीक आहे. कुणाला शंकाच येत नाही. म्हणून प्रत्येक झडपेवर आम्ही साबणाचं पाणी ओततो. बुडबुडा आला तर गळतंय, काटा काहीही म्हणो. पण माणसाच्या पोटावर साबणाचं पाणी कसं ओतणार! एकदा वाटलं, मी उगाच शंका काढतेय.

भिंगरीचे केस धूत होते. डोकं फेसाने भरलेलं. तिने दंडाला तोंड लावून फुंकर मारली— फर्रर्र!

तोच आवाज. लांबलचक, फडफडता.

"हा आईचा," ती म्हणाली.

"म्हणजे?"

"फोनवरचा. तो पोटातला नव्हता, मावशी. हातावरचा होता. मला झोपवताना आई करते ना, तोच."

"मग तेव्हा का नाही बोललीस?"

"दादा रडायचा थांबला होता."

मी ओल्या हातांनीच फोन लावला. भाऊजी म्हणाले, "अगं, आत्ताच डोळा लागलाय तिचा."

"उठवा."

"अगं पण—"

"भाऊजी, तिला उठवा."

ताई फोनवर आली. मी विचारलं, "ताई, काल खरंच झालं होतं का?" मला तिचा श्वास ऐकू येत होता, आखूड आखूड. मग म्हणाली, "पोरगं रडत होतं गं. वाटलं, आज ना उद्या होईलच."

"आणि सिस्टरना का नाही सांगितलंस?"

"त्या हसत हसत आल्या. ह्यांनीच सांगून टाकलं. मग मला खरं सांगायची लाज वाटली... घसा पण इतका कोरडा होता."

मी ओरडले नाही. भाऊजींना सांगितलं, सर्जनना आत्ता बोलवा, वारा एकदाही सरलेला नाही असं याच शब्दांत सांगा. भाऊजी म्हणाले, "पण मी कानाने ऐकला—" मी म्हणाले, "मीही ऐकला."

परत आले तर भिंगरी तशीच बसलेली. फेस केसांवर वाळून गेला होता.

"मी चुगली केली का?"

"नाही," मी म्हणाले. तिचं डोकं दोनदा धुतलं.

रविवार, १६ मार्च

पुन्हा पोट उघडलं. शिवणीजवळ आतडं दुमडून अडकलं होतं. सर्जन म्हणाले, "आणखी पाणी गेलं असतं आणि आपण वाट बघत बसलो असतो तर—" आणि वाक्य तिथेच सोडून हात धुवायला निघून गेले.

ताई अजून शुद्धीवर नाही. भाऊजी मला सारखं एकच विचारतात. "मला कसं कळलं नाही? मी शेजारी बसलो होतो."

मुलांना सांगितलं, या वेळी आईला कुणीही काहीही विचारायचं नाही.

"मग आपल्याला कळणार कसं?" पंडित.

"कळेल."

"आणि नाहीच झालं तर?"

उत्तर माहीत होतं. दिलं नाही.

"मावशी, तू घाबरलीस?"

"हो."

तो आला आणि मला चिकटून बसला. मग दुसऱ्या बाजूने भिंगरी.

सोमवार, १७ मार्च

नाही. शुद्धीवर आहे. पाणी मागतेय.

मंगळवार, १८ मार्च

नाही. पोट थोडं मऊ लागतंय, असं सिस्टर फोनवर म्हणाल्या. मी विचारलं, "थोडं म्हणजे किती?" त्या म्हणाल्या, "ते हाताला कळतं, आकड्यात कसं सांगू?"

भाताची शिटी झाली तरी दचकते. आज मुलं एकदाही हसलेली नाहीत. पंडित जेवताना पादला आणि हळूच म्हणाला, "माझा आईला देता येत नाही ना?"

बुधवार, १९ मार्च

ताईचा फोन आला. कुणी काही विचारलं नाही. पंडित नुसता ओठ घट्ट मिटून उभा होता. ती शाळेचं, डब्याचं विचारत होती आणि बोलता बोलता मध्येच थांबली. तिकडून एक आवाज आला. अगदी बारीक, ओलसर, जेमतेम ऐकू येईल एवढाच.

कुणीच हललं नाही. मी भिंगरीकडे बघितलं.

तिने फोन माझ्या हातातून घेतला, कानाला घट्ट लावला, ऐकत राहिली. मग मान डोलावली.

"हा पोटातला."