अंगठ्याखालची रेघ

बाबा, काल अकोल्याच्या भंगारवाल्याकडून एक काचेचा इन्सुलेटर आणला. तारेच्या खांबांवर तुम्ही जन्मभर बसवलेत तसाच, हिरवट, मुठीत मावणारा. सवयीनं डोळे मिटून अंगठा फिरवला, तर साच्याची रेघ लागलीच नाही. खिडकीशी नेऊन पाहिलं, रेघ होती, चांगली ठसठशीत, डोक्यावरून पलीकडे गेलेली. तेव्हापासून मला भीती वाटते आहे.

लहानपणीचं अजून डोळ्यांपुढे आहे: अमरावतीच्या आपल्या स्वयंपाकघरात तुम्ही ओट्यावर जुने इन्सुलेटर मांडता, आई भाकरी थापते आहे, आणि मी डोळे मिटून बसलेली. "डोयानं नको पाहू, डोये फसवतात. अंगठा फिरव. रेघ डोक्यावरून गेली का खालीच थांबली, सांग मले." डोक्यावरून गेली म्हणजे साचा जुना, खाली थांबली म्हणजे नंतरचा. मग बूड. जुनं असलं तर बहुधा गुळगुळीत. नंतरच्यांच्या काठाला दाणे, पावसाचं पाणी त्यांवरून ठिबकून जावं म्हणून. एकदा मी दाण्यांचं बूड गुळगुळीत सांगितलं, तर केवढे चिडलात. "घाई काहून करून राह्यली?" पुढे पुढे तुम्ही स्वतः हात लावणंच सोडलं. नवीन नग आला की माझ्यापुढे सरकवायचा आणि म्हणायचं, "तू सांग." लेकीवर भरवसा बसला म्हणून मी फुशारून जायचे.

मग तो दिवस. तुम्ही गॅसवरचं पातेलं नुसत्या हातांनी उतरवलंत आणि तसेच धरून उभे राहिलात. आई धावली, "अवो, हात भाजून राह्यले ना तुमचे." तुम्ही हातांकडे पाहिलंत, ते दुसऱ्याच कुणाचे असल्यासारखे. साखरेनं आधी पाय बधिर केले, मग बोटं, आणि शेवटी पायाची न कळलेली जखम तुम्हाला घेऊन गेली. काल खिडकीपाशी माझ्या ध्यानात आलं, तुम्ही मला शिकवत नव्हतात, विचारत होतात. घाबरला होतात का हो? कुणाला बोलला का नाहीत?

माझीही साखर वाढलेली आहे. तपासणी मी पुढे ढकलत राहिले आहे आणि घरात कुणाला काही ठाऊक नाही. हे पत्र पाठवायचं तरी कुठे, त्याच इन्सुलेटरखाली दाबून ठेवीन. आज सकाळी माझ्या लेकीनं तो उचलून विचारलं, "आई, याच्या बुडाले दाणे हायेत का वं?" मी म्हटलं, "डोळे मिट. तू सांग." तिनं लगेच मिटले. मी शिकवते आहे, असं तिला वाटलं.