डाव्या हाताची चिठ्ठी

३ फेब्रुवारी, मंगळवार

पुन्हा तेच! सकाळी सहाला सासूबाईंची कूस बदलली, पाठ पुसली, पावडर लावली, ओली चादर ओढून काढली — आणि डोळे मिटूनच म्हणतात काय, "मोठीच्या हाताला गुण आहे हो."

मोठीच्या! मोठी जाऊ तेव्हा गावाच्या दुसऱ्या टोकाला आपल्या घरी गजर बंद करून पुन्हा झोपली असेल. मी कानाशी तोंड नेऊन ओरडले, "आई, मी धाकटी!" "हो का," म्हणाल्या आणि लागल्या घोरायला.

दोन वर्षं झाली पडून आहेत. उजवी बाजू गेली, नजर गेली. जीभ तेवढी शाबूत. दर दोन तासांनी त्यांना वळवणारी मी, भरवणारी मी, शिलाईचं मशीन उचलून त्यांच्या दाराशी आणून बसलेली मी — आणि गुण मोठीच्या हाताला. ही वही मी त्यासाठीच लिहिते. काय काय केलं ते तारखेनिशी असू दे. उद्या कुणी म्हणायला नको.

"आईला आता कळत नाही गं, जाऊ दे ना," आमचे हे. देवानं यांना एवढे तीनच शब्द दिलेत. जाऊ दे म्हणे! जाऊच तर नकोय मला!

८ फेब्रुवारी, रविवार

राणीसाहेब येऊन गेल्या. (मोठी जाऊच. मुख्याध्यापिका आहे. तोंडावर मी तिला "ताई" म्हणते, इथं तरी खरं लिहू दे.) उपासना आटोपून फुलं घेऊन आल्या. पलंगापासून चार हात लांब उभ्या. "आई, कशा आहात?" नाकाला रुमाल — सर्दी झालीय म्हणे. दर रविवारी बरी सर्दी होते! वीस मिनिटांत निघाल्या. जाताना माझ्या कटिंगच्या कागदांवरून असा पाय उचलून गेल्या की जसं काही गटार ओलांडतायत.

दोन वर्षांत सासूबाईंना एकदा बोट लावलेलं नाही. आणि आज चर्चच्या दारात पाळकबाई, पाळकसाहेबांच्या पत्नी, राणीसाहेबांचा हात धरून, "सासूबाईंचं किती करता हो तुम्ही!" राणीसाहेब काय म्हणाल्या? "छे हो, सगळी प्रभूची कृपा." मी मागेच उभी! कृपा! बेडपॅन कृपाच धुऊन ठेवते वाटतं?

११ फेब्रुवारी, बुधवार

महिला मंडळात आज चिठ्ठ्या काढल्या. दरवर्षीचंच आहे. प्रत्येकीनं एक प्रार्थना चिठ्ठीवर लिहून आणायची, नाव घालायचं नाही, आणि अक्षर ओळखू येऊ नये म्हणून डाव्या हातानं लिहायची. सगळ्या चिठ्ठ्या पाळकबाईंच्या कापडी पिशवीत. मग एकेकीनं एक उचलायची आणि त्या चिठ्ठीसाठी चाळीस दिवस प्रार्थना करायची. कुणाला सांगायचं नाही. चाळिसाव्या दिवशी उभं राहून ती वाचायची, देवानं काय केलं त्याची साक्ष द्यायची आणि चिठ्ठी फळ्यावर टाचायची. टाचण्या माझ्या डब्यातल्या जातात, ते मात्र कुणाच्या साक्षीत येत नाही.

मी काल मशीनवर बसल्या बसल्याच लिहिली. हाताशी कागद होता तो फाडला. "देवा, आपल्यातल्या एका गर्विष्ठ बहिणीचं नाक खाली कर. सेवा कशाला म्हणतात ते तिला हात घाण करून कळू दे." डाव्या हातानं पाऊण तास लागला. अक्षरं म्हणजे कोंबडीचे पाय. पण लिहून झाल्यावर इतकं हलकं वाटलं की चक्क गाणं गुणगुणले.

पाळकसाहेब सारखं म्हणतात, देव हेतू पाहतो. पाहू दे की! माझा हेतू अगदी स्वच्छ आहे — तिची जिरावी.

मला कुठली आली? "माझा गुडघा बरा व्हावा." झालं! चाळीस दिवस गुडघ्यात गेले.

१४ फेब्रुवारी, शनिवार

गुडघ्यासाठी तीन दिवस प्रार्थना केली. पुरे. डॉक्टरकडे जा म्हणावं.

१९ फेब्रुवारी, गुरुवार

आज गुरुवार असून राणीसाहेब हजर! शाळेतून थेट. हातात फुलं नाहीत, नाकाला रुमाल नाही. मी एका शर्टाची कॉलर उलटून लावत होते. समोर येऊन उभ्या राहिल्या आणि म्हणाल्या, "आईंना कसं वळवायचं, दाखव मला."

मी म्हटलं, "तुम्हाला नाही जमायचं ताई."

"नाही जमलं तर शिव्या दे. पण दाखव."

दाखवलं. मीही कशाला सोडते! "गुडघ्यात वाकवा आधी. खांदा असा नाही ओढायचा, हाडं आहेत त्यांची, बाक नाही शाळेचा. उशी! पायांमध्ये उशी कोण ठेवणार?" सातशे पोरं जिला पाहून गप्प होतात तिला मी अर्धा तास झापलं. खोटं कशाला बोलू, मजा आली. चादर काढताना तिला उमळून आलं. मोरीत जाऊन ओकली. तोंड धुऊन परत आली, डोळे लाल. "आता पुढं काय?"

मी म्हटलं, बेडपॅन. आता हिच्या अंगात काय शिरलंय देव जाणे.

२४ फेब्रुवारी, मंगळवार

चौथ्यांदा आली. ओकली नाही. सासूबाई म्हणाल्या, "मोठी, आलीस?" या खेपेला खरंच मोठीच होती! दोन वर्षं माझे हात हिच्या नावावर, आणि आता ही स्वतःच हजर. माझं तर सगळंच पुसलं.

वर ती म्हणते, "धाकटीनं शिकवलं आई." नम्रपणाचं नाटक हे! गर्विष्ठ होती तेव्हा निदान सरळ दिसत तरी होतं.

४ मार्च, बुधवार

पाळकबाई आजाऱ्यांच्या भेटीला आल्या, त्या नेमक्या राणीसाहेब अंग पुसल्याच्या पाण्याचं तसराळं घेऊन बाहेर पडत असताना. पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी! "धन्य आहे बाई तुमची." मी मशीनवर, तोंडात चार टाचण्या. बोलणार काय?

मुंग्यांनी वारूळ बांधायचं आणि आयत्या बिळावर नागोबा! आता माझ्या लक्षात आलं सगळं. चाळिसाव्या दिवसाची साक्ष! उभं राहून सांगायला मसाला गोळा करतेय ही बया. महिनाभर चार-दोन चादरी बदलायच्या आणि सगळ्या मंडळीला रडवायचं. दोन वर्षांची हाडं माझी, साक्ष हिची.

तिच्यासाठी मुद्दाम सकाळच्या चादरी तशाच भिजत ठेवल्या होत्या. घाण वास मारत होत्या. धुतल्या तिनं. काही बोललीसुद्धा नाही. बोलली असती तर बरं झालं असतं.

१२ मार्च, गुरुवार

मशीन तसंच सोडून हे लिहायला बसले.

राणीसाहेब चष्म्याचं घर सासूबाईंच्या उशाशी विसरून गेल्या. चष्मा आत आहे का ते पाहायला उघडलं. चष्मा नव्हता. चिठ्ठी होती. माझी!

दुमडून दुमडून मऊ झालेली. कोंबडीचे पाय. गर्विष्ठ बहीण, नाक, घाण हात — सगळं. म्हणजे पिशवीतून तिनं हीच उचलली! इतक्या जणींत हिनंच!

असू दे म्हटलं, अक्षर तर ओळखू येत नाही. मग कागदाकडं पाहिलं. खाकी कागद, माझ्या कटिंगचा. बाहीचा आकार उतरवताना मी दातेरी चाक फिरवते त्याची टिंबाटिंबांची रांग, चिठ्ठीच्या मधोमध. अक्षर लपवायला पाऊण तास घालवला आणि कागद? माझ्यासारखी अक्कलशून्य मीच! या मंडळीत शिलाई करणारी मी एकटी. दर रविवारी राणीसाहेब ह्याच कागदांवरून पाय उचलून जातात.

तिला पहिल्या दिवसापासून माहीत आहे.

चिठ्ठी उचलून ब्लाउजमध्ये खुपसली. मग बाहेर काढली. नाहीशी झाली तर तिला कळेलच ना कुणी नेली! परत चष्म्याच्या घरात ठेवून दिली. पाचच मिनिटांनी ती चष्म्याचं घर न्यायला आली. म्हणाली, "आईंच्या टाचेला लाल दिसतंय, तेल लावशील का?" बस्स, एवढंच.

१३ मार्च, शुक्रवार

आता समजलं ही का राबतेय. बावीस तारखेला सगळ्यांसमोर ती चिठ्ठी वाचेल आणि फळ्यावर टाचेल. माझ्याच टाचणीनं. मग सगळ्या बायका तो कागद बघतील आणि मान वळवून माझ्याकडं बघतील. चांगली जिरवलीस बाई! मी पाऊण तास घेतला, तू चाळीस दिवस घेतेयस.

२१ मार्च, शनिवार

जाणार नव्हते. पण लपले तर आपणहून कबूल केल्यासारखं होईल. यांना सगळं सांगितलं. यांनी "जाऊ दे ना" म्हटलं नाही. "असं लिहिलंस तू?" म्हणाले आणि ताट बाजूला सारून उठले. जाऊ दे बरं होतं.

उद्या ती तोंड उघडायच्या आत मीच उठून बोलणार. रुमाल, वीस मिनिटं, चार हात — सगळं काढते. वही बरोबर नेणार आहे. तारखेनिशी आहे सगळं.

२२ मार्च, रविवार

वही पिशवीत होती, ती पिशवीतच राहिली.

आधी माझी पाळी आली. उभी राहिले, गुडघ्याची चिठ्ठी वाचली. म्हटलं, "रोज प्रार्थना केली." खोटं! धडधडीत खोटं, प्रभूच्या घरात! तर कपडे शिवून घ्यायला माझ्याकडं येणारी ती जाडी म्हातारी हर्षानं उठून उभीच राहिली, "अगं, तूच का ती! जिने चढते मी आता! प्रभू तुझं भलं करो!" आली आणि माझे मुके घेतले. तीन दिवस! तीनच दिवस केली होती मी, तीही जांभया देत. त्या बाईचा गुडघा कशानं बरा झाला?

मग राणीसाहेब उठल्या. माझ्या कानात नुसती शिट्टी वाजत होती. चिठ्ठी वाचली, एक शब्द गाळला नाही. मग म्हणाल्या, "ही माझ्याविषयीच आहे. पहिले चार दिवस फार राग आला. मग वाटलं, इतकी झोंबतेय म्हणजे खरी असणार. म्हणून तीच प्रार्थना मी स्वतःसाठी करायला लागले. दोन वर्षं मी सासूबाईंना हात लावलेला नाही. मला किळस यायची. तुम्ही सगळ्या माझं कौतुक करायचात आणि मी घ्यायचे. ते सगळं धाकटीचं होतं. दोन वर्षं तिनं एकटीनं केलंय. आज सगळ्यांसमोर सांगते."

सगळ्यांच्या माना वळल्या माझ्याकडं. पाळकबाईंच्या डोळ्यांत पाणी — माझ्यासाठी! जे दोन वर्षं हवं होतं ते सगळं एका दमात मिळालं, आणि मला खुर्चीखाली शिरावंसं वाटत होतं.

ती फळ्याकडं गेली. आता दिसणारच कागद! मी डोळे मिटून घेतले. ऐकू आला तो कपबशांचा आवाज. सगळ्या चहाला गेल्यावर मी फळ्यापाशी गेले.

पांढरा कागद. शाळेच्या वहीचा, रेघांचा. शब्द माझेच, पण अक्षर वेगळेच कोंबडीचे पाय. डाव्या हातानं, बसून, तिनं सगळी उतरून काढली होती.

२३ मार्च, सोमवार

मला नकोत तिचे उपकार! झाकून ठेवलं माझं, आता जन्मभर मान खाली घालून फिरू का मी? खाकीच टाचली असती फळ्यावर तर परत भांडता तरी आलं असतं!

आली तशी दारातच धरली. "कधी ओळखलंत?"

"उघडली तेव्हाच. टिंबं दिसली."

"मग कागद कशाला बदललात?"

"अगं, सगळ्यांना तुझं नाव कळलं असतं की."

"मी चांगल्या मनानं नव्हती लिहिली ती!"

"ते कळलं गं मला. शाळा चालवते मी." हसली चक्क! "तुझं मन तू बघ. मला उपयोग झाला."

"मला तुमचे उपकार नकोत, ताई."

"नको तर नको." पर्समधून खाकी चिठ्ठी काढून माझ्या मशीनवर ठेवली. "बादली कुठाय?"

मी रडले. रागानं रडले, हे लिहून ठेवते. आतून तिच्या चादर पिळण्याचा आवाज येत होता. अजून नीट पिळता येत नाही तिला.

२५ मार्च, बुधवार

सकाळी मी त्यांची कूस बदलताना सासूबाई म्हणाल्या, "मोठी, तूच का गं?"

"हो, आई," म्हटलं.