पाठमोरे बाबा

ता. ६ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. तुझं चित्र छापलेली प्रदर्शनाची पत्रिका पोचली. माझे ओठ एवढे लाल कधी होते रे? शेजारणीने मला ओळखलंच नाही. भाऊ चित्रकार असून काय उपयोग, म्हणाली.

पण पत्रिकेवर तू नेमकं तेच चित्र छापशील असं वाटलं नव्हतं. बाबा कामावर निघालेत, रस्त्यात वळून हात हलवताहेत, आणि वर उघड्या खिडकीत हसणारी मी, कडेवर तू. त्याच दुपारी कारखान्यात बॉयलर फुटला आणि बाबा गेले. तू दोन वर्षांचा; ते निघाले तेव्हा खरं तर पाळण्यात झोपला होतास. पुढे तुला झोपवताना हा प्रसंग मीच सांगायचे, आणि वीस वर्षं तू तोच रंगवतो आहेस. आज लिहूनच टाकते: बाबा वळले नव्हते. ते मी पदरचं घातलं होतं. ते चित्र लोकांसमोर लावू नकोस, एवढं माझं ऐक.

रागावलास तरी लोभ आटू देऊ नकोस.

तुझी,
ताई

ता. १४ फेब्रुवारी

ती. ताईस,

सा. न. वि. वि. तुझं पत्र वाचून ते चित्र पुन्हा पुढ्यात घेतलं. बाबांचा चेहरा मला आठवत नाही, फोटोही धड नाही. म्हणून चित्रातला प्रत्येक माणूस मी स्वतःच आरशापुढे उभा राहून काढतो, हे तुला ठाऊक आहे. या वेळी दोन आरसे समोरासमोर लावले. वळलेला चेहरा खरवडून काढला आणि स्वतःची पाठ बघत बघत बाबांना पाठमोरं केलं.

तेव्हापासून चित्राच्या खोलीत पाऊल टाकवत नाही. आधीचे बाबा घरातच असल्यासारखे वाटायचे. हे सारखे जाताहेत, भरदिवसा जाताहेत. तुझी भाची त्या दारावरून पळत जाते. बायको म्हणाली, चित्रावर चादर टाका. टाकली, तर चादरीखालून खांदे जाणवतात. शनिवारी चित्रं न्यायला टेम्पो येईल. ताई, बाबा आपल्याला कंटाळले होते की काय? खरं ते नीट कळव.

तुझ्या मायेवर हक्क सांगणारा,
धाकटा

ता. १८ फेब्रुवारी

चि. धाकट्यास,

अनेक आशीर्वाद. हे पत्र तीनदा लिहून फाडलं. मागच्या पत्रात मी खोटं लिहिलं. बाबा वळले की नाही, मला माहीतच नाही. शाळेच्या सहलीच्या कागदावर त्यांनी सही केली नाही म्हणून मी रुसले होते, आणि ते जिना उतरताच खिडकी धाडकन लावून घेतली. पत्रिकेवरची ती हसरी मुलगी मला बघवेना, म्हणून सगळं बाबांवर ढकललं. माझं चुकलं.

खालून त्यांनी मला हाक मारली होती. दोनदा. मी कडी काढली नाही. दहा वर्षांची होते, संध्याकाळी बोलू असं ठरवलं होतं. अजूनही भांडी घासताना ती हाक येते, आणि मी नळ बंद करून कानोसा घेते.

हाक मारणारा माणूस पाठमोरा नसतो, एवढं मला कळतं. बाबांना परत वळव. त्यांचा हातही वर असू दे. खिडकी मात्र बंद काढ.

आहे तशी मला सांभाळून घे.

तुझीच,
ताई