बोगस सीड

सोम. ६ मे १९९६, जळगाव

चक्कीतून आज पहिला नकाशा निघाला! चक्की हे माझ्या प्रोग्रामला माझ्या मित्राने, दिल्याने, ठेवलेलं नाव. वरून एक आकडा टाकायचा, खालून नकाशा. दरवेळी वेगळं पीठ, म्हणजे गेम खेळणाऱ्याला दरवेळी नवा मुलूख. दिल्या धुळ्यात बसून सैन्य आणि लढाया करतोय, मी इथे जमीन. अजून नद्या डोंगर चढतात, आणि एक किल्ला तर भर तळ्यात उभा राहिला. पण निघाला. पुण्याची एक कंपनी जुलैत गेम बघायला तयार आहे. तोवर सगळं सरळ व्हायला हवं.

नानांना वाटतंय मी दुकानाच्या बिलांचा प्रोग्राम करतोय. त्यासाठीच तर ४८६ कॉम्प्युटर घेतला त्यांनी, तोही आईच्या नाकावर टिच्चून. जेवताना म्हणाले, "कुठवर आलं?" म्हटलं, "होत आलं." बिलांची एक ओळ लिहिलेली नाही. आमटी तिखट लागली म्हणून पाणी प्यायलो, असं दाखवलं.

गुरु. ९ मे

तात्यांनी पकडलं. फवारणीच्या औषधाचा खोका घ्यायला मागच्या खोलीत आले आणि पडद्यावर हिरवं-निळं.

"हे बिल हाये का रे?"

काय बोलणार. नानांनी दुकान काढलं तेव्हापासून तात्या कामाला आहेत, मला त्यांनी खांद्यावर बसवून फिरवलंय. सांगून टाकलं, की गेम आहे, डोंगर-नद्या आपोआप तयार होतात. वाकून बघत राहिले. "सातपुडा हाये का ह्यो? मंग अठी वाघ पाह्यजे." हात जोडले, म्हटलं नानांना सांगू नका. म्हणाले, "मी कशाले सांगू? नही सांगत, जाय." खोका उचलून गेले.

नानांपासून लपवणारा मी एकटा होतो, आता तात्यांनाही त्यात ओढलं. बिलांचं काम सोमवारपासून नक्की.

मंगळ. १४ मे

चक्की बंद करून पुन्हा लावली की तोच नकाशा. दुसरा दळला तर कालचाच दुसरा. तिसरा, कालचाच तिसरा. सकाळी तेच, दुपारी तेच. दोनदा लाईट गेली, दोन्हीदा परत पहिल्यापासून तोच डोंगर, तेच तळं.

संध्याकाळी उमगलं. मशीनला खरोखर मनाला येईल तो आकडा सुचत नाही. सुरुवातीला एक आकडा द्यावा लागतो, त्याला सीड म्हणतात, त्यातून पुढचे सगळे आकडे निघतात. मी तो कधी बदललाच नाही. आणि हीच फ्लॉपी परवा एसटीच्या कंडक्टरच्या हाती दिल्याला पाठवून बसलोय. अक्कल गहाण!

बुध. १५ मे

दुकानाच्या फोनवरून धुळ्याला एसटीडी. नाना बँकेत गेले होते. लाईनीत इतकी खरखर की बेंबीच्या देठापासून ओरडावं लागलं. "सीड बोगस आहे यार! कितीही वेळा टाक, तेच तेच निघतंय. पुढे कुणाला देऊ नकोस, मी बदलून पाठवतो!" तिकडून दिल्या, "अरे आठे बी बठ्ठं सारखंच शे! माले वाटनं मनंच डोकं फिरनं!" त्याच्याकडेही दरवेळी तोच नकाशा. दोघंही खूप हसलो.

गिऱ्हाईक बेताचंच. एका आबांनी घेतलेली कपाशीच्या बियाण्याची पाकिटं परत काउंटरवर ठेवली, "जाऊन येतो" म्हणाले, आलेच नाहीत. ऊन असं आहे की माणूस कशाला आला तेही विसरतो.

बिलं: नाही.

सोम. २० मे



चार दिवस दुकानात शुकशुकाट. ऐन सीझन, मान्सूनआधीच्या कपाशीची घाई, समोरच्या दुकानात उभं राहायला जागा नाही आणि आमच्याकडे नाना वर्तमानपत्राने वारा घेत बसलेले. आज अमळनेरकडचे एक जुने गिऱ्हाईक आले. काही घेतलं नाही. उभ्या उभ्या म्हणाले, "नाना, वाईट वाटी लेऊ नका. पन तुमनं बी बोगस शे, असं बठ्ठा बाजारमा बोली ऱ्हायनात. तुमनाच दुकानमातून कोनी तरी फोनवर सांगं म्हने."

नाना वर्तमानपत्राची घडी घालायला लागले. मी आत खुर्चीवर. सगळं ऐकलं.

सीड. बाहेर पाटीवर हातभर अक्षरात 'सीड्स' लिहिलंय, आत छतापर्यंत बियाण्याच्या थप्प्या, आणि मी गल्ल्याशेजारी उभा राहून ओरडलो की सीड बोगस आहे, कुणाला देऊ नकोस. ते आबा ऊन लागून विसरले नव्हते.

मंगळ. २१ मे

सांगितलं नाही. सांगायचं तर फोन कशाला केला, कसलं सीड, गेम कसला, मग बिलं कुठायत. एक टाका ओढला की अख्खी गोधडी उसवणार.

नाना दुपारी एकेकाला पाकिटं फोडून दाखवत होते. ओल्या गोणपाटावर दाणे पेरून काउंटरवर ठेवलेत, उगवण दिसावी म्हणून. सगळे छान उगवतील. बी उत्तमच आहे. लोक बघतात, मान डोलावतात आणि समोर जातात. नानांच्या शब्दावर माणसं डोळे मिटून बी न्यायची. मी तो शब्द एका फोनमध्ये घालवला.

उद्या सांगतो.

शुक्र. २४ मे

नानांनी तात्यांना काढलं.

तात्यांचा भाचा गेल्या महिन्यात समोरच्या दुकानात लागला, अफवा तात्यांनीच उठवली म्हणायला नानांना एवढं पुरलं. "भाचा तिकडे, मामा इकडे. मी काय दुधखुळा आहे?" नाना ओरडले. तात्या म्हणाले, "नाना, मी बोललो नही." "मग कोण बोललं? भिंत बोलली?"

मी दारावरच्या पडद्याआड उभा. तात्यांनी एकदाच मागच्या खोलीच्या दाराकडे पाहिलं. मग गोदामाची किल्ली काउंटरवर ठेवली, चपला घातल्या. नानांच्या पाया पडले नाहीत, नेहमी पडायचे.

मी दोन पावलं टाकली असती तर झालं असतं. टाकली नाहीत. आत येऊन बसलो आणि, लाज वाटते लिहायला, काम केलं. आता सीड म्हणून मशीनच्या घड्याळातली वेळ घेतो. वेळ पुन्हा येत नाही, नकाशाही पुन्हा येत नाही. नद्या खाली उतरतात, किल्ले कोरड्यात. चक्की झाली. पेढे वाटायचा दिवस आणि मी मशीन बंद केलं.

रवि. २६ मे

दिल्याला फोन, या वेळी चौकातल्या बूथवरून. सगळं ऐकून तो इतका हसला की बूथवाला बघायला लागला. "म्हणजे आपलं सीड जळगावात उगवलं!" मग एकदम थांबला. "तात्यांचं सांगितलंस ना घरी?" मी मीटरचे आकडे बघत राहिलो. "पशा?" मग म्हणाला, "चक्की चांगली झालीय, फ्लॉपी मिळाली. पण मला आता ती लावावीशी वाटत नाही."

आई सारखी विचारते, तोंड का उतरलंय. उन्हाने, म्हणतो. या उन्हाच्या नावावर सगळं खपवतोय मी.

बुध. २९ मे

यावलच्या गाडीने तात्यांच्या गावी गेलो. घरी सांगितलं, बिलांच्या प्रोग्रामसाठी एकाला भेटायचंय. खोट्यात आणखी एक.

तात्या भावाच्या केळीत होते, ट्रक भरायला मदत करत. मला बघून थांबले नाहीत. शेवटचा घड चढवला, हात धुतले, मग बांधावर बसले. दोन केळी हातात दिली. रागावलेल्या माणसाने दिलेलं केळं गिळता गिळत नाही.

म्हटलं, तात्या, तो फोन माझा होता.

"मले माहीत हाये. मी स्टुलावरच व्हतो ना. तू बोंबलला तव्हाच समजलं का हे तुह्या त्या डोंगराचं काही हाये."

"मग नानांना का नाही सांगितलं?"

"तुले नही सांगत म्हनलं व्हतं." पंच्याने हात पुसत बसले. मला वाटलं, माफ केलं. तेवढ्यात आवाज चढला. "पन मी काही देव नही बरं! सून इच्यारे, मामा, तुमी काय चोरी केली का? काय सांगू तिले? गावात तोंड लपवून चालू ऱ्हायलो मी. तू पडद्यामांगे उभा व्हता. तुहे पाय दिसत व्हते मले."

पाय दिसत होते. हे मला माहीत नव्हतं.

निघताना म्हणाले, "मी सांगलं त चुगली व्हते. तू सांगलं त मिटते. शनवारी मी जळगावले येतो, दुकानात येईन. तवरोक सांग."

गुरु. ३० मे

सांगितलं. दुपारी शटर अर्धं ओढलेलं असताना, सगळं, गेमपासून तात्यांच्या बांधापर्यंत. कानाखाली बसेल म्हणून गाल आवळून उभा होतो.

नानांनी पहिलं विचारलं, "म्हणजे बिलं नाहीतच?"

"नाहीत."

"आणि सीड म्हणजे आकडा."

"हो."

"साधा आकडा?"

"साधाच."

हसतील असं क्षणभर वाटलं. चष्मा काढून धोतराच्या सोग्याने पुसत बसले. म्हटलं, तात्यांना बोलावू ना? म्हणाले, "काय म्हणून बोलावू? चार माणसांत मी त्याला बेइमान म्हटलंय. आता म्हणू, माझा पोरगा कॉम्प्युटरवर खेळत होता? बाजार थुंकेल तोंडावर. आणि खरं सांगितलं तरी पटणार कुणाला? कॉम्प्युटरचं बी बोगस निघालं म्हणून?" मग आवाज उतरला. "सीझन जाऊ दे. मग बघू. तोवर तू गप्प."

म्हटलं, तात्या शनिवारी येणार आहेत. नानांनी उठून शटर वर केलं.

वाटलं होतं, सांगितलं की हलकं वाटेल. कुठलं काय. आता दोघं अपराधी एका ताटात जेवलो आणि एकमेकांकडे बघितलं नाही. आईने भरीत केलं होतं. दोघांनीही छान झालंय म्हटलं.

शुक्र. ३१ मे

नवा माणूस आला. सुनील, दोंडाईचाचा, लग्न झालेला, बोलायला गोड. नाना म्हणाले, "पशा, याला पाकिटं नि भाव दाखव." दाखवले. कामाचा आहे, पटापट लक्षात ठेवतो. तात्यांच्या स्टुलावर बसला, थप्प्यांकडे बघितलं आणि सहज विचारलं, "दादा, पहिला मानूस काबर गया?"

नाना गल्ल्यावर सुट्टे मोजत होते, थांबले. माझ्याकडे बघितलं. दटावून नाही. मी काय म्हणतो ते त्यांनाही ऐकायचं होतं असं वाटलं. वाटलं असेल, नसेलही. एवढं खरं की त्या क्षणी मी खरं बोललो असतो तर त्यांनी मला अडवलं नसतं.

मी म्हणालो, "त्यांना बरं नसतं हल्ली."

नाना पुन्हा सुट्टे मोजायला लागले.

फोनवरचं चुकून तोंडून गेलं होतं. पडद्याआडचं भीतीने. हे मात्र शुद्धीवर असताना, नानांच्या डोळ्यांत बघून बोललो.

चक्की आज लावली नाही. बिलांच्या प्रोग्रामची सुरुवात केली, चार ओळी झाल्या, पुसल्या.

उद्या शनिवार. तात्या येतील. नाना काय करतील माहीत नाही, मी काय करीन तेही. सुनील तेवढा भला माणूस आहे. आधीचे ते हेच, हे कळलं की उठून त्यांना स्टूल देईल, पाणी पुढे करील आणि विचारेल, "काय आबा, आते तब्येत कशी शे?"