तुरटी न दिलेला लाल

अप्पा, हंड्यातलं कापड मी काठीने ढवळत होते आणि तुम्ही शेजारी उकिडवे बसून कॉफी फुंकत होतात. "सावकाश गं. रंगाला घाई कळत नाही," म्हणालात. माझे हात कोपरापर्यंत लाल. सोमवारी कॉन्व्हेंटमध्ये सिस्टरनी ते बाकावर ठेवायला लावून सगळ्या वर्गाला दाखवले होते. तरी शनिवार आला की मी हंड्याशी हजर.

त्याच उन्हाळ्यात टी. नरसीपूरच्या आपल्या घरी लष्करातले एक सुभेदार आले. पावसाळ्याआधी नदीकाठी पुराचा सराव घ्यायचा होता. ज्या घरात कुणाला चालता येत नाही त्या दाराला लाल पट्टी, बाकीच्यांना काही नाही. होडी आधी लाल पट्टीच्या दारी जाणार. पट्ट्या तुम्ही रंगवायच्या होत्या, आणि तुम्ही कापडाला तुरटीचं पाणी द्यायची पायरीच गाळलीत. "सुम्ने, नुसता सराव आहे. एका दिवसासाठी कशाला पक्का रंग?" आई म्हणाली, "म्हणजे बुडणाऱ्यानेही सुम्नेच बुडायचं?" तुम्ही हसलात. सराव झाला, पट्ट्या दारांवरच राहिल्या, आणि कबिनीचं पाणी गल्लीत शिरलं तोवर पावसाने त्यांचा लाल धुऊन काढला होता. शेजारची अज्जी अंथरुणाला खिळलेली. जवानांना ती फिकट पट्टी दिसलीच नाही, तिचं दार इतरांसारखंच वाटलं, होडी तिथे सगळ्यांत शेवटी पोचली. तिचा मुलगा छातीइतक्या पाण्यात तिला खांद्यावर घेऊन उभा होता. दोघं वाचली. सुभेदार ओरडले नाहीत. ती फिकट पट्टी हातात धरून म्हणाले, "मामा, सराव आम्ही खोटा करत नाही." तुम्ही दोन दिवस जेवला नाहीत.

आता त्या घरात तुमची थोरली, अक्का, एकटी राहते. खुबा मोडल्यापासून वॉकर धरूनही तिला चार पावलं जड जातात. मी म्हैसूरहून दर आठवड्याला जाते. गेल्या खेपेला मी तिथे असतानाच कॅप्टनबाई आल्या, माझ्या लेकीच्या वयाच्या. आता पट्ट्या नसतात, चालता न येणाऱ्यांची लष्कराकडे यादी असते. त्यांची चाहूल लागताच अक्काने वॉकर पलंगाखाली सारला आणि खुर्चीत ताठ बसली.

"अज्जी, चालता येतं ना?"

"रोज देवळात जाते. माझ्यामागे तूच दमशील."

कॅप्टनबाई हसल्या, त्यांनी तसं लिहून घेतलं. मी स्वयंपाकघराच्या दारात उभी होते आणि त्यांना ते लिहू दिलं. त्या गेल्यावर अक्का म्हणाली, "मला पोत्यासारखं उचलून नेणार, सगळ्या गल्लीसमोर? बेडा, नकोच ते."

तेव्हापासून धरणातून किती पाणी सोडलं हे मी सकाळ-संध्याकाळ पाहते. गल्लीत पाणी आलं का, हे दिवसातून तीनदा फोन करून विचारते, अक्का म्हणते, "आलं की तुलाच आधी पाठवते." आज सकाळी मात्र मी कॅप्टनबाईंना फोन करून खरं काय ते सांगितलं.

"बरं केलंत, आंटी. स्ट्रेचर ठेवते. त्यांच्यासोबत कोण असेल?"

"मी. पाऊस संपेपर्यंत तिथेच राहणार."

"तुम्हाला होडीत चढता येईल?"

"येईल की," मी लगेच म्हणाले.

अक्काला कळल्यावर तिने फोनवर मला चहाडखोर म्हटलं, कॉन्व्हेंटात हेच शिकलीस का, विचारलं. तरी उद्या मी निघते आहे. हे पत्र तुम्हाला पाठवायचं तरी कुठे? टेबलाच्या खणात ठेवते. काही बरंवाईट झालं तर लेकीच्या हाती लागेल, म्हणून पुढचं तिच्यासाठी. अप्पांचे लाकडी ठसे भाच्याला द्यावेत; त्याने विकले तरी माझी हरकत नाही. आईच्या कुड्या तुला. शिलाई मशीन समोरच्या टेलरबाईंना, त्यांनी ते केव्हाच मागून ठेवलं आहे. आणि कॅप्टनबाईंना एक निरोप, जो द्यायचा धीर मला आज झाला नाही: माझे गुडघे वाकत नाहीत, स्ट्रेचर दोन लागतील.